ऊब धरणारं पिंप : घरच्या घरी मॅश टन

(नाशिक येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

नाशिकमध्ये उभं राहून धान्याच्या रसाबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच आहे, कारण हे द्राक्षांचं गाव. द्राक्षाचं काम सोपं असतं. साखर आत तयारच असते. फळ चुरडलं की रस गोड. धान्याचं तसं नाही. गव्हाचा, जवाचा, नागलीचा दाणा चावून बघा, गोड लागत नाही. त्यातली साखर पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात कुलूपबंद असते. हे कुलूप उघडायची किल्ली दाण्यातच असते, पण दाण्याला मोड आल्यावरच ती तयार होते, आणि ठराविक उष्णतेलाच फिरते. ती उष्णता तासभर टिकवणारं भांडं म्हणजे मॅश टन. हा वजनाचा टन नव्हे. जुन्या इंग्रजीत टन म्हणजे मोठं पिंप. मॅश म्हणजे गरम पाण्यात कालवलेली मोडाच्या धान्याची भरड. तेव्हा मराठीत सरळ ‘कालवणाचं पिंप’ म्हटलं तरी चालेल, फक्त जेवायला बसू नका.

आता आधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण जाहिरात वाचून आलेल्यांपैकी निम्मे लोक बिअर शिकायला आलेत हे आम्हाला दिसतंय. (हशा) महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो अजून लागू आहे. आणि त्यात नुसतं मद्य बनवणंच गुन्हा नाही, तर मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं बाळगणं हाही गुन्हा आहे. ‘हेतूने’ हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे आज जे पिंप आम्ही दाखवणार आहोत, तेच पिंप नागलीच्या सत्त्वासाठी वापरलं तर ते स्वयंपाकाचं भांडं आहे आणि बिअरसाठी वापरलं तर गुन्ह्याचं साधन. पिंपाला त्यातलं काही कळत नाही. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे मायक्रोब्रुअरी हा शब्द रुळला. पण तो परवाना घेऊन करायचा धंदा आहे, गच्चीवरचा छंद नव्हे. म्हणून आम्ही गोड रसापाशी थांबतो. यीस्ट घालत नाही. रस काढतो, उकळतो, आटवतो.

आणि खरं सांगायचं तर या पिंपाचं आपल्या जिल्ह्यातलं महत्त्वाचं काम बिअरचं नाहीच. ते शेवटाकडे येईल.

आधी आत काय घडतं ते बघू. १८३३ साली पायां आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोडाच्या जवापासून एक पदार्थ वेगळा काढला. तो स्टार्चची साखर करतो. त्याला त्यांनी डायास्टेज म्हटलं. वेगळं काढलेलं हे पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम. आज आपण त्याला अमायलेज म्हणतो आणि त्याचे मुख्य प्रकार दोन धरतो. अल्फा अमायलेज स्टार्चची लांब साखळी मधूनच कुठेही तोडतं; त्याला साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास बरं वाटतं. बीटा अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या सोडवत जातं, त्यातून माल्टोज ही साखर मिळते. ते ६० ते ६५ अंशांत खूश असतं आणि त्यावर गेलं की हळूहळू मरतं. दोघांकडून एकदम काम करून घ्यायचं तर मधली जागा शोधावी लागते. ती ६५ ते ६७. एवढाच खेळ आहे. दोन-तीन अंशांच्या पट्टीत एक तास राहायचं.

गॅसवर हे का जमत नाही? कारण बर्नर मंद केला तरी बुडाशी ८० आणि वर ६० असं होतं. बुडाचं विकर मेलेलं, वरचं सुस्त, आणि पीठ बुडाला लागतं ते वेगळंच. म्हणून उष्णता देत राहण्यापेक्षा एकदाच द्यायची आणि ती जाऊ द्यायची नाही. थंडीत आपण दही लावताना पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवतो ना, तोच विचार. फक्त दह्याला चाळीस अंश पुरतात आणि तिथे चार अंश इकडेतिकडे झाले तरी दही माफ करतं.

किती उष्णता जाते याचा हिशेब आम्ही करून बघितला. वीस लिटरचं स्टीलचं पिंप घ्या, घरी पिण्याच्या पाण्याला असतं तसं. साधारण २८ सेंटिमीटर व्यास, ३३ सेंटिमीटर उंची. त्यात ४ किलो भरड आणि १२ लिटर पाणी. बाहेर २५ अंश, आत ६६. झाकण लावलेलं, पण पिंप उघड्यावर, तर तासात सात-आठ अंश उतरतात. म्हणजे काम संपायच्या आतच आपण पट्टीच्या खाली. भोवती चार-पाच सेंटिमीटर पफ लावला की हिशेबाने घट एक अंशाच्या आत येते. प्रत्यक्षात फटी असतात, झाकणातून गळती असते, तोटी उघडी असते. दीड अंश धरा. दीड अंश चालतो.

पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. नाशिकमध्ये तो शोधायला लांब जावं लागत नाही, कारण द्राक्षांमुळे इथे कोल्ड स्टोरेज भरपूर. त्यांच्या भिंती पफ पॅनेलच्या असतात, आणि पॅनेल कापल्यावर तुकडे उरतात. सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरकडे चौकशी केली तर असे तुकडे मिळू शकतात. नाहीच मिळाले तर भाताचा पेंढा घ्या. दहा सेंटिमीटर दाबून भरलेला कोरडा पेंढा जवळजवळ चार-पाच सेंटिमीटर पफइतकीच ऊब धरतो. फरक एवढाच की पेटी मोठी होते आणि पेंढा ओला झाला की सगळं मुसळ केरात. ओला पेंढा ऊब धरत नाही आणि दोन दिवसांत बुरसतो. म्हणून पेंढा प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून भरायचा.

आमची पहिली चूक थर्माकोलची होती. पहिल्यांदा आम्ही पिंपच वापरलं नाही. थर्माकोलची जाड पेटी होती, तिच्यातच भरड कालवू असं ठरवलं. पेटी तापवून घ्यायला म्हणून उकळतं पाणी ओतलं. आतली बाजू आक्रसली, एका कोपऱ्यातून धार लागली, आणि पायावर पडलं नाही हे नशीब. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि उकळत्या पाण्याला तर तो टिकतच नाही. शिवाय गरम खाद्यपदार्थ त्याला थेट लागू देऊ नये. सहलीच्या बर्फाच्या पेट्या मिळतात, त्या परदेशातले छंदी लोक सर्रास वापरतात. पण स्वस्त पेटीचं आतलं प्लास्टिक गारव्यासाठी असतं, गरमासाठी नव्हे, ते वाकतं. आमचं मत असं की आपल्याकडे स्टीलचं पिंप घरोघर असताना प्लास्टिकच्या मागे जायचं कारण नाही. आत स्टील, बाहेर पफ किंवा पेंढा, आणि सगळं एका लाकडी किंवा प्लायच्या खोक्यात. झालं.

भांडी बाजारात गेलात की तांब्या-पितळेची सुरेख पिंपं दिसतील आणि मोह होईल. नको. हा रस किंचित आंबट असतो. बिनकल्हईच्या पितळेत तो कळकतो. स्टीलच घ्या, आणि तोटीही स्टीलचीच.

तोटीबद्दल थोडं. पिंपाला मुळात येते ती प्लास्टिकची तोटी काढून टाका. त्या भोकात अर्ध्या इंचाचा स्टीलचा निपल बसवा, आत-बाहेर सिलिकॉनचा वॉशर, वर चेकनट, आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप. निपल लांब घ्या, कारण त्याला पफची जाडी आणि खोक्याची फळी दोन्ही पार करून बाहेर यायचंय. बाहेरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह. रात्रभर गार पाणी भरून गळती बघा, मग गरम भरून पुन्हा बघा. गार असताना न गळणारा जोड गरम झाला की गळतो, हा आमचा अनुभव. आणि खोकं गुडघ्याच्या उंचीच्या भक्कम स्टुलावरच ठेवा. सत्तर अंशांचं चिकट पाणी अंगावर पडलं तर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं. लहान मुलं घरात असतील तर हे काम स्वयंपाकघरात करूच नका.

आत गाळणी हवी. इथे मोदकपात्राची चाळणी कामाला येते. पिंपाच्या बुडाला तीन छोट्या वाट्या पालथ्या घाला, त्यांवर चाळणी, तिच्यावर मलमलचा धुतलेला तुकडा. तोटीचं आतलं तोंड चाळणीच्या खाली राहिलं पाहिजे. काही जण गीझरच्या कनेक्शन पाइपवरची तारेची जाळी काढून वापरतात. चालते, पण ती खात्रीने स्टेनलेस स्टीलचीच हवी. बाजारात तशाच दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळ्याही असतात.

जव वापरत असाल तर एक गंमत आहे. जवाचं टरफल हेच खरं गाळण. भरडताना टरफल शाबूत राहिलं तर ते चाळणीवर बसतं आणि त्यातून रस निथळतो. म्हणून गिरणीत सांगताना पीठ नव्हे, लापशीसारखी भरड सांगायची. घरात जातं असेल तर उत्तम. आम्ही एकदा घाईत मिक्सरमधून काढलं. तासाभराने तोटी उघडली तर थेंब नाही. खाली चिखल बसला होता. शेवटी सगळं मलमलमध्ये बांधून पिळलं. नागलीला असं टरफल नसतं, दाणा बारीक, त्यामुळे ती हमखास तुंबते. तिच्यासाठी भाताचा तूस धुऊन, उकळून, मूठ-दोन मुठी मिसळा, किंवा सरळ सगळी भरड मलमलच्या मोठ्या पिशवीत बांधा.

आता पाणी किती गरम घ्यायचं? याला लोक घाबरतात, पण हिशेब चौथीतला आहे. कोरडी भरड, उष्णतेच्या बाबतीत, स्वतःच्या वजनाच्या साधारण चार दशांश पाण्यासारखी वागते. म्हणजे ४ किलो भरड म्हणजे १.६ लिटर पाणी समजा. ती २५ अंशांवर आहे, न्यायची ६६ वर. ४१ अंश चढवायचे. १.६ गुणिले ४१ म्हणजे सुमारे ६६. ही उष्णता १२ लिटर पाण्याने द्यायची, तर प्रत्येक लिटरने साडेपाच अंश गमवायचे. म्हणून पाणी साडेएकाहत्तर अंशांचं. जानेवारीत निफाडकडे घरातली भरडही बारा अंशांवर असू शकते. तेव्हा हाच आकडा ७३ च्या वर जातो. आणि पिंप स्वतः? तीन किलो स्टील गार असेल तर तेच एक अंश खातं. त्यामुळे आधी पिंपात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं आणि ते ओतून द्यायचं. भरड घालताना एकीकडून ओतायची, दुसऱ्याने ढवळायचं, गुठळी ठेवायची नाही. गुठळीच्या आत कोरडं पीठ राहतं, त्याला पाणीही पोचत नाही.

थर्मामीटर तपासून घ्या. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र शंभराची वाट बघू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ च्या सुमारास उकळतं. आमच्यातल्या एकाने हे न कळल्यामुळे चांगला थर्मामीटर बिघडला म्हणून परत केला होता.

तासाभराने काम झालं का ते आयोडीन सांगतं. पांढऱ्या बशीत रसाचा थेंब, त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब. काळा-निळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला तर झालं. बशीतलं फेकून द्यायचं, परत पिंपात नाही. मग तोटी किंचित उघडायची. पहिला लिटर-दोन लिटर गढूळ येतो, तो अलगद परत वर ओतायचा. धार स्वच्छ आली की हळूहळू काढायची. उरलेली गोडी धुवायला वरून गरम पाणी घालतात, ते ७५-७६ अंशांपेक्षा गरम नको. टरफलातला तुरटपणा उतरतो. आणि रस लगेच उकळायचा. नाशिकच्या उन्हाळ्यात झाकून ठेवला तर हवेतलं यीस्ट वाट बघत नाही, दुसऱ्या दिवशी फेस दिसतो. मग हेतू काय होता हे समजावत बसावं लागेल. आटवून काकवीसारखा केला, गार करून फ्रिजमध्ये ठेवला, तर दुधात, भाकरीबरोबर छान लागतो. चोथा गुरांना.

आता ज्यासाठी आम्ही हे सुरू केलं ते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात नागली पिकते. लहान मुलाला नागलीची पेज द्यायची तर अडचण अशी की पीठ थोडं जास्त घातलं की पेज घट्ट गोळा होते, मूल गिळत नाही. पातळ केली तर पोट पाण्याने भरतं, अन्न जात नाही. मुलाचं पोट केवढं, मूठभर. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. मोडाच्या धान्याचं पीठ, अमायलेज भरपूर असलेलं, चमचाभर गरम घट्ट पेजेत घातलं की काही मिनिटांत पेज सैल होते. पाणी न वाढवता. आयोडीनच्या बशीत जे दिसतं तेच हे. साखळ्या तुटल्या की पेज धरून ठेवणारं जाळं सुटतं.

इथे एक सवय आडवी येते. आपल्याकडे मोड आलेली नागली सुकवून तव्यावर खमंग भाजतात, मग दळतात. वास सुंदर येतो, टिकतेही. पण भाजताना विकर मरतं. तसलं पीठ पौष्टिक असेल, पेज मात्र सैल करणार नाही. म्हणून थोडी नागली न भाजता ठेवायची : रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस मोड आणायचे, पातळ पसरून कडक वाळवायची, चोळून मुळं-कोंब झाडायचे, आणि वेगळी दळायची. बुरशी दिसली, वास आला, तर सगळीच टाकायची. निवडून वापरायची नाही. पेज आधी नीट शिजवा, उतरवून सत्तरच्या जवळ येऊ द्या, मोडाचं पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाका, मग पुन्हा एक उकळी. ती शेवटची उकळी सोडायची नाही. मोड आणताना वाढलेले जंतू तिनेच मरतात.

घरात एका मुलासाठी पातेलं आणि गोधडी पुरे. पण एकदम तीस-चाळीस मुलांची पेज करायची तर गॅसवर ती सत्तरला धरता येत नाही, बुडाला लागते. तिथे हे पिंप. आणि ही पेज गाळायची नसते, म्हणून चाळणी-तोटीही लागत नाही. बिअरवाल्यांच्या पिंपातला सगळ्यात अवघड भाग आपल्याला नकोच आहे.

प्रश्न घेऊ.

(प्रश्न : नागलीऐवजी मोडाची ज्वारी चालेल का?)

मुलांसाठी आम्ही नाही म्हणू. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ते याचमुळे. कोंब-मुळं काढून, वाळवून, शिजवून ते कमी होतं, पण घरी मोजता येत नाही. नागली असताना ही जोखीम कशाला?

(प्रश्न, ऑनलाइन : आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे याच पिंपात बिअर केली तर?)

तुमच्याकडचा कायदा वेगळा आहे. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला; घरच्या वापरासाठी एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची नाही. राज्याचे नियम तेवढे बघून घ्या. ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. पिंप हेच, हिशेब हाच, तुमच्या तळघरातली भरड मात्र आमच्यापेक्षा गार असेल, तेव्हा पाणी दोन अंश जास्त घ्या.

(प्रश्न : मलमल दर वेळी नवीन घ्यायची का?)

नाही. साबण लावू नका, वास राहतो. वापरल्याबरोबर गार पाण्यात झटका, मग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, आणि कडक उन्हात वाळवा. ओली घडी घालून ठेवलीत तर पुढच्या वेळी आंबट वास येईल. मग ती फडकी पुसायला घ्या.